आजोबांची पट्टी आणि हॅरोचा डिकीबाजार

रविवारी पहाटे साडेपाचला उठून मी गंजकं लोखंड आणायला जाते, हे आमच्या हॅरोतल्या मैत्रिणींना अजून पटत नाही. त्यांच्या मते रविवार म्हणजे उशिरा उठणं, पोहे आणि मुलांच्या मराठी शाळेचा गृहपाठ. माझा रविवार कानटोपी, टॉर्च, कापडी पिशवी आणि खिशात सुट्टे पौंड असा सुरू होतो.

इथे याला कार बूट सेल म्हणतात. एखादं मोकळं शेत किंवा पटांगण घ्यायचं, गाड्या रांगेत लावायच्या, डिक्या उघडायच्या आणि घरात नकोसं झालेलं सगळं समोर मांडायचं. मी त्याला डिकीबाजार म्हणते. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की इथे चिखल जास्त आणि घासाघीस कमी. कपडे, खेळणी, कपबश्या ओलांडून मी सरळ पुढे जाते. मला हवी असतात ती ताडपत्रीवर ओतलेली अवजारं. रंधे, पटाश्या, करवती, गुण्ये, कानशी. ‘नवऱ्यासाठी का?’ असं विकणारे हमखास विचारतात. नवरा घरी झोपलाय आणि त्याला खिळासुद्धा सरळ ठोकता येत नाही, हे मी सांगत बसत नाही.

हॅरो म्हटलं की लोकांना टेकडीवरची ती प्रसिद्ध शाळा आठवते. पण खाली वील्डस्टोनच्या बाजूचं हॅरो हे कारखान्यांचं गाव होतं. कोडॅकचा कारखाना इथे १८९१ मध्ये सुरू झाला आणि थेट २०१६ पर्यंत चालला. व्हाइटफ्रायर्सची काच १९२३ ते १९८० या काळात इथल्याच भट्ट्यांतून निघत होती. चित्रकारांच्या ओळखीचे विन्सर अँड न्यूटनचे रंगही इथे तयार होत. कारखाने म्हटले की फिटर आले, सुतार आले, आणि प्रत्येकाची स्वतःची अवजारांची पेटी आली. ती माणसं निवृत्त झाली, मग गेली. पेटी मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तशीच राहिली. मुलं घर विकायला काढतात तेव्हा ती पेटी डिकीत चढते आणि आमच्यासारख्यांच्या पुढ्यात येते.

मला हा नाद लागला तो एका दारामुळे. चौदा वर्षांपूर्वी आम्ही इथे घर घेतलं तेव्हा एका खोलीचं दार पावसाळी हवेत फुगून अडकायचं. सुताराचा दर ऐकून मी डिकीबाजारातून दोन पौंडांचा एक लोखंडी रंधा आणला. दार तासून झालं आणि रंधा पुसताना पात्याच्या बैठकीमागे ओतीव अक्षरांत तीन तारखा दिसल्या. मार्च २५, ०२. ऑगस्ट १९, ०२. एप्रिल १९, १०. रंधा अमेरिकेतल्या स्टॅनली कंपनीचा. मी भेटेल त्याला सांगत सुटले, ‘माझ्याकडे १९०२ चा रंधा आहे!’

हा माझा पहिला पाठ, कारण मी साफ चुकले होते. त्या तारखा पेटंटच्या आहेत, रंधा बनवल्याच्या नाहीत. १९१० च्या पेटंटची तारीख ज्यावर आहे ती वस्तू १९१० च्या आधी बनलेली असूच शकत नाही. नंतर किती वर्षांनी बनली, हे तारीख सांगत नाही. आणि तीन तारखा असतील तर सगळ्यांत अलीकडची तेवढी धरायची. जुन्या अवजाराचं साल काढण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे म्हटलं तरी चालेल. प्रत्येक खूण ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते. अशा दोन-चार खुणा एकत्र केल्या की काळ दोन्ही बाजूंनी आवळत जातो.

या खुणा कुठल्या, ते थोडक्यात सांगते. तुमच्या घरीही उपयोगी पडतील.

पहिली खूण, बनवणाऱ्याचं नाव. इंग्लंडमधल्या अवजारांचं माहेर म्हणजे शेफील्ड. विल्यम मार्पल्स अँड सन्सच्या पटाशीवर तीन पानांच्या शॅमरॉकचा ठसा असतो. निळ्या रंगाचे रेकॉर्ड कंपनीचे लोखंडी रंधे १९३१ पासूनचे, त्यामुळे ‘पणजोबांचा व्हिक्टोरिया राणीच्या काळचा रेकॉर्ड रंधा’ कुणी विकत असेल तर हसून पुढे जायचं. स्टॅनलीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डला कारखाना घेतला आणि रंधे इथेही बनवायला लागली. म्हणजे स्टॅनलीच्या रंध्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर तो त्यानंतरचा.

दुसरी खूण, ‘कास्ट स्टील’ हे शब्द. हे वाचून बिडाचं अवजार समजू नका. बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली. घड्याळाच्या कमानीला त्याला चांगलं पोलाद हवं होतं. त्या मुशीतल्या पोलादाचं हे नाव. पुढे विजेच्या भट्ट्या आल्या आणि विसाव्या शतकात तो ठसा हळूहळू मागे पडला.

तिसरी खूण सरकारी. चौकटीसारखा पतंगाच्या आकाराचा ठसा असेल तर ते डिझाइन १८४२ ते १८८३ या काळात नोंदवलेलं. त्याऐवजी ‘आरडी’ अक्षरं आणि पुढे आकडा असेल तर १८८४ किंवा नंतरचं. वर टोक केलेला तीन रेघांचा बाण म्हणजे सरकारी मालमत्ता, बहुतेक वेळा लष्कराची. त्याखाली कधी कधी चक्क सालच ठोकलेलं असतं. असं अवजार मिळालं की त्या दिवशी मी पोह्यांवर खोबरं जास्त घालते.

चौथी खूण माझी आवडती, दुकानाचं लेबल. किंमत शिलिंग-पेन्समध्ये असेल तर ते लेबल साधारण १९७१ च्या फेब्रुवारीच्या आधीचं, कारण तेव्हा इथे दशमान नाणी आली. लंडनचा फोन नंबर ०१ ने सुरू होत असेल तर १९९० च्या मे महिन्याच्या आधीचं. ०८१ असेल तर १९९० ते १९९५ मधलं. आमच्या हॅरोचे नंबर आता ०२० आणि पुढे ८ ने सुरू होतात. खिळ्यांच्या डब्यावरच्या अर्ध्या फाटलेल्या कागदानेही वर्षांची चौकट मिळते, ती अशी.

पण लेबलाचं साल डब्याचं असतं, आतल्या खिळ्यांचं नव्हे. रंध्याचंही तसंच. शरीर एका काळचं, पातं दुसऱ्या काळचं, मूठ तिसऱ्याच रंध्याची असते. अवजार वापरात असेल तर पातं झिजणार आणि बदलणार. त्यामुळे एका खुणेवर उडी मारायची नाही.

आणि एक कळकळीची विनंती. आधी वाचा, मग घासा. गंज दिसला की आपला हात शिवशिवतो, आपण पॉलिश पेपर घेतो आणि दीडशे वर्षं टिकलेला ठसा दोन मिनिटांत घालवतो. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरा. सपाट वाटणाऱ्या जागेवर अक्षरं उठून येतात. फोटो काढा. मग तेलाचा बोळा घ्या.

अवजारावर कंपनीच्या नावाखेरीज आणखी एक नाव असतं, ते वापरणाऱ्याचं. इथले सुतार लाकडी रंध्याच्या टोकावर आपलं नाव लोखंडी ठशाने ठोकत. माझ्याकडे एका रंध्यावर अशी तीन नावं एकाखाली एक आहेत. डब्ल्यू. एल. गुडमन यांनी १९६८ मध्ये ब्रिटिश रंधे बनवणाऱ्यांची जंत्रीच पुस्तकरूपात काढली, त्यामुळे बनवणाऱ्याचा काळ शोधता येतो. वापरणाऱ्या तिघांचा मात्र कुठे पत्ता नसतो. म्हणून मी बाजारात किंमत आधी विचारत नाही. ‘हे कुणाचं होतं?’ असं विचारते. विकणारी मुलगी किंवा सून दोन मिनिटं बोलते. ‘वडील कोडॅकमध्ये होते,’ वगैरे. ते मी घरी आल्यावर एका कार्डावर लिहून अवजाराला बांधून ठेवते.

या देशात असं जपणारे पुष्कळ झाले. शेफील्डला केन हॉली (१९२७–२०१४) नावाचे अवजारांचे दुकानदार होते. शहरातले कारखाने बंद पडत गेले तशी त्यांनी अवजारं, अर्धवट बनलेले नमुने, किंमतपत्रकं, सगळं गोळा केलं. आज ते केलम आयलंड संग्रहालयात बघायला मिळतं. आमच्यापासून जवळच सेंट ऑल्बन्सच्या संग्रहालयाकडे आर. ए. सॅलमन यांचा अवजारांचा संग्रह आहे. त्यांनी सुतारी अवजारांचा कोशच लिहिला. आपल्याकडे पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे आणि अडकित्ते गावोगाव फिरून जमवले. वाकस आणि सामता यांनाही असे कुणी केळकर भेटायला हवेत, असं मला फार वाटतं.

हे सगळं ज्ञान मी परक्यांच्या अवजारांवर खुशाल पाजळत होते. गेल्या उन्हाळ्यात ते माझ्याच घरात आलं.

आई-बाबा जूनमध्ये हॅरोला आले होते. बाबांनी बॅगेतून एक फडकं काढलं आणि त्यातून आप्पांची पट्टी. आप्पा म्हणजे माझे आजोबा. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. हे वर्कशॉप १९१५ चं, जीआयपी रेल्वेचं. पुढे १९५१ मध्ये जीआयपीची मध्य रेल्वे झाली. डबे लाकडी होते तोवर तिथे सुताराच्या हाताला मोठा मान होता. पट्टी पिवळ्याजर्द बॉक्सवुडची, पितळी बिजागऱ्यांची, घडीची. एका अंगाला आप्पांनी आपला टोकन नंबर कोरलेला.

या पट्टीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९४७ ला वर्कशॉपमधला गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याने आप्पांचा हात हातात घेतला आणि स्वतःच्या खिशातली पट्टी काढून त्यांना दिली. ‘हिचा खरा मालक तू,’ म्हणाला म्हणे. दर खंडेनवमीला या पट्टीची पूजा होते. बाबांनी ही गोष्ट माझ्या सासरच्यांना लग्नाच्या बोलणीत सांगितली आहे आणि स्वतःच्या निरोप समारंभातही.

आता माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सांगून झाली. मग बाबा मला म्हणाले, ‘तू ती सालं काढतेस ना? हिचंही काढ बघू. साहेबाने कधी घेतली असेल?’ मुलगा धावत जाऊन भिंग घेऊन आला.

मी भिंगातून पाहिलं. झिजलेली अक्षरं होती, पण वाचता येत होती. रेबोन चेस्टरमन. मेड इन इंग्लंड.

रेबोन बर्मिंगहॅमचे पट्ट्या बनवणारे. चेस्टरमन शेफील्डचे, मोजायच्या टेपसाठी नावाजलेले. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या १९६३ मध्ये. त्याआधी ही दोन नावं एका पट्टीवर असूच शकत नाहीत. साहेब तर १९४७ मध्येच गेला होता.

‘नीट दिसत नाहीये,’ मी म्हणाले. ‘उजेड कमी आहे. नंतर बघते.’

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘नको सांगूस. कुणाचं काय बिघडतंय?’ मलाही तसंच वाटत होतं. पण मग मी त्या पट्टीच्या कार्डावर काय लिहिणार होते? शेतात उभं राहून लोकांच्या पणजोबांच्या गोष्टी खोडणारी मी, माझ्या मुलाला चुकीचं साल लिहून देऊ? आणि खरं लिहिलं, तर बाबांकडे काय उरेल?

तिसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला. ‘उजेड कमी आहे म्हणालीस. इथे जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख असतं. काय दिसलं ते सांग.’

मी सांगितलं. नावं दाखवली, १९६३ चा हिशेब सांगितला. बाबांनी पट्टीची घडी घातली, उघडली, परत घातली. मग एवढंच विचारलं, ‘म्हणजे आप्पा खोटं बोलले?’

याचं उत्तर भिंगात नव्हतं. आम्ही बदलापूरला आत्याला फोन लावला. बाबा शेंडेफळ, आत्या सगळ्यांत थोरली. बाबा पाच-सहा वर्षांचे होते तेव्हा ती कॉलेजात जाणारी मुलगी होती. स्पीकरवर बाबांनी जरा कडक आवाजातच विचारलं. पलीकडून आधी काहीच आलं नाही, आणि मग आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

‘अरे, चोर बाजारातली आहे ती!’

मुंबईचा चोर बाजार तुम्हाला माहीत असेल. भेंडी बाजाराजवळ मटन स्ट्रीट. एरवीची दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुन्या मालाचा बाजार भरतो. गोदीतल्या जहाजांवरचं सामानही तिथे यायचं, असं आत्या म्हणाली. आप्पांची जुनी पट्टी मोडली होती. संध्याकाळी घरी आल्यावर ते चाळीतल्या लोकांना पाट, देव्हारे, स्टुलं करून देत, त्याला पट्टी हवी. महिनाअखेर होती. त्यांनी शुक्रवारी पहाटे जाऊन ही उचलली. किती पैसे मोजले ते आत्यालाही कधी कळलं नाही.

‘आईने विचारलं, ही कुठली? तर म्हणाले, साहेबाची आहे, ठेवणीतली काढली. आई चोर बाजारातली वस्तू घरात येऊ देती का? रात्री दिव्याखाली नंबर कोरत बसले होते. मी पाहिलं तर ओठांवर बोट ठेवलं. ते सत्तेचाळीस साल आणि हातात हात वगैरे तुम्ही पोरांनी नंतर जोडलंत.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘माझ्या लग्नातलं कपाट त्याच पट्टीवर मापलंय. अजून दार अडकत नाही.’

बाबा हसले नाहीत. दोन दिवस त्यांनी पट्टीला हात लावला नाही. आई मला म्हणाली, ‘राहू दे, होतील ठीक.’ मला मात्र नवऱ्याचं ऐकायला हवं होतं असं वाटायला लागलं.

रविवारी साडेपाचला मी खाली आले तर स्वयंपाकघरात दिवा होता. बाबा मफलर गुंडाळून, बूट घालून बसले होते. ‘चल,’ म्हणाले, ‘बघू तुझा बाजार.’

शेतात दव होतं. बाबा आधी माझ्या मागे मागे होते, मग दिसेनासे झाले. शोधलं तर एका ताडपत्रीपाशी उकिडवे बसून सामान चाळत होते. त्यांनी एक गुण्या उचलला, माझा टॉर्च मागून आडवा धरला, पात्यावरचा ठसा वाचला. मग समोरच्या बाईंना त्यांच्या ठेवणीतल्या इंग्रजीत विचारलं, हा कुणाचा? त्या म्हणाल्या, सासऱ्यांचा. बाबांनी चार पौंडांचा तीनला मागितला आणि मिळवला.

गाडीत गुण्या मांडीवर घेऊन ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आप्पा दर शुक्रवारी पहाटे महालक्ष्मीला जायचे. मी हट्ट करायचो, मलाही न्या. कधी नेलं नाही.’ आणि मग मात्र जे हसायला लागले, ते घर येईपर्यंत.

या सदराचे निम्मे वाचक परदेशात आणि निम्मे त्यांच्या घरी आहेत, म्हणून दोघांनाही सांगते. माळ्यावर, पलंगाखाली, गावच्या पडवीत एखादी अशी पेटी असेलच. वाकस असेल, पटाशी असेल, शिवणयंत्राचा पाना असेल. भंगारवाला ती किलोवर नेतो. त्याला हाक मारण्याआधी टॉर्च आडवा धरून एकदा नाव वाचा. आणि घरात जे कुणी थोरलं आहे, त्यांना आजच फोन करा. ठसा अजून शंभर वर्षं टिकेल, आत्याचं तसं नाही. ठेवायला जागा नसेल तर वापरणाऱ्याला द्या. आमच्या मेट्रोपॉलिटन लाइनवर पुढे चेशमला वर्कएड नावाची संस्था आहे. ती अशी अवजारं दुरुस्त करून पूर्व आफ्रिकेत काम शिकणाऱ्यांना पाठवते. माझ्याकडची जादा अवजारं मी तिकडेच देते.

आप्पांची पट्टी बाबा माझ्याकडे ठेवून गेले. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी माझ्याकडून एक कोरं कार्ड मागून घेतलं आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘पट्टी. १९६३ नंतरची. शुक्रवारच्या बाजारातून. नंबर आप्पांचा. साहेबाचा काही संबंध नाही.’

यंदा खंडेनवमीला त्यांनी व्हिडिओ कॉल केला. मी पट्टीला फूल वाहिलं. ‘शेजारी तो गुण्याही ठेव,’ बाबा म्हणाले.